नॉबला हात लावू नका!

...आणि वर मलाच विचारतात! मलाच! "तुम्ही नॉबला हात लावला होता का हो?" अहो, मी? चौदा वर्षं झाली, या हॉस्पिटलात त्या नॉबला दुसऱ्या कुणाचं बोट लागू नये म्हणून घसा फोडून ओरडणारा एकच माणूस आहे, तो मी. येणाऱ्याला सांगतो, जाणाऱ्याला सांगतो, भिंतीवर कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरात: नॉबला हात लावू नका! आणि मला विचारतात!

थांबा, थांबा, आधी मशीन समजून घ्या. नाहीतर तुम्हीही म्हणाल, एवढंसं बटण, त्याचं काय एवढं कौतुक.

तुम्हाला सांगतो, आमच्याकडे बाळ जन्मलं की दोन बँड निघतात. एक आईच्या मनगटाला, एक बाळाच्या पायाला. दोन्हींवर एकच नंबर आणि नंबराखाली त्या काळ्या उभ्या रेघा. सिस्टर त्यावर लाल दिवा धरतात, 'टिंग' वाजलं की जोडी जुळली. हे बाळ या आईचं, विषय संपला. हे बँड छापायचं मशीन माझ्या ताब्यात. त्याच्या पोटात एक काळी रिबन असते, कांद्याच्या सालीपेक्षा पातळ. मागच्या रिळावरून सुटते, तापलेल्या हेडखालून जाते, पुढच्या रिळावर गुंडाळते. हेडच्या उष्णतेनं रिबनवरची शाई वितळते आणि बँडवर बसते. झालं, एवढंच काम! पण ती जाताना ताठ गेली पाहिजे. सैल सुटली की चुणी पडते, आणि चुणी पडली तिथं शाई बसत नाही, म्हणजे बरोबर नंबराच्या छाताडावरून तिरकी पांढरी रेघ. बरं, म्हणून जास्त आवळावी तर ती बिचारी ओढली जाते, एका अंगाला सरकते, परत चुणी! नाहीतर तट्कन तुटते. म्हणजे घट्टही नको, सैलही नको. आणि हे ठरवतो कोण? एक नॉब. शर्टाच्या बटणाएवढा. मागच्या रिळाच्या कुशीत बसलेला.

मशीन नवं आलं तेव्हा त्या नॉबची योग्य जागा सापडायला मला अकरा दिवस लागले. अकरा! एक घर फिरवायचा, दहा बँड काढायचे, भिंग लावून बघायचे, अर्धं घर मागं, परत दहा बँड... अकराव्या दिवशी असे सुरेख बँड निघाले म्हणून सांगू! त्याच दिवशी मुलीची नखं रंगवायची लाल बाटली घरून आणली आणि नॉबवर ठिपका दिला. ठिपका वर, की मशीन बरोबर. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. "बाबा, माझी बाटली!" म्हणून दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

पण लोकांना राहवतं का हो? बँड जरा फिका आला की फिरव नॉब. कागद अडकला, फिरव नॉब. दिवे गेले तरी फिरव नॉब! वायरमन आला होता पंखा बघायला, शिडीवरून उतरता उतरता सहज फिरवून गेला. मी विचारलं, "का फिरवलंत?" तर म्हणतो, "सैल वाटला." अरे, तुला पंखा सांगितलाय ना! नॉबला हात लावू नका!

आणि गेल्या आठ दिवसांत तर कहरच. मी सकाळी येतो, बघतो, तर ठिपका खाली! रोज! मी ठिपका वर करून चहाला जातो, दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर परत खाली. घरी सांगितलं तर आमची ही म्हणाली, "आपोआप सरकत असेल." आपोआप? दोन घरं? मोजून दोन घरं? आपोआप सरकणारी वस्तू मोजून सरकते का? तेव्हा त्या दिवशी सकाळी मी काय केलं, ठिपका वर घेतला आणि नॉबवर आडवी-उभी चिकटपट्टी मारली. चार थर! आणि वर पेनानं सही. आता फिरवा म्हटलं, बघतोच कोण माईचा लाल फिरवतो ते.

आणि तो दिवस कुठला? माझ्या मुलीला पहाटे कळा सुरू झाल्या, तो. आमच्याच हॉस्पिटलात. पहिलं बाळंतपण.

आता बाप म्हटल्यावर मी तिथं दाराशी येरझाऱ्या घालत होतो. तर मोठ्या सिस्टर आल्या. मोठ्या सिस्टर म्हणजे... कसं सांगू, मोठे डॉक्टरसुद्धा त्यांच्यासमोर चपला वाजवत नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही इथं काय करताय?" मी म्हटलं, "मुलगी आत आहे." "मुलीजवळ तिची आई आहे. मशीनजवळ कोण आहे? आज तीन बायका आहेत आत. जा!" गेलो. काय करणार? आमची ही आत, जावईबापू दाराबाहेर, विहीणबाई बाकावर, आणि मुलीचा बाप मजल्याच्या दुसऱ्या टोकाला काळ्या रिबनीचं तोंड बघत बसलेला.

दहा चाळीसला पहिलं बाळ. आमचं नाही. इंटरकॉम वाजला, मी बटण दाबलं, बँड आला. आणि नंबरावरून पांढरी रेघ! म्हटलं, असेल, सकाळचं पहिलंच छापणं आहे. परत काढला. परत रेघ. तिसरा जरा बरा आला, रेघ कडेला गेली होती, 'टिंग' वाजलं. दहा बावन्नला दुसरं बाळ, तेही आमचं नाही. त्याला पाच वेळा काढावा लागला. पाच वेळा! वाकून नॉब बघितला, तर ठिपका वर होता हो! चिकटपट्टी जागच्या जागी, सही जशीच्या तशी! नॉबला कुणी हात लावलेला नाही, आणि तरी चुणी!

अकरा वाजून तीन मिनिटांनी तिसरं बाळ. आमचं.

इंटरकॉमवर सिस्टर म्हणाल्या, "मुलगी झाली. बाळंतीण बरी आहे." मला एकदम भरून आलं, मी म्हटलं, "सिस्टर, पेढे—" "पेढे राहू दे. बाळ श्वास भरभर घेतंय. ऑक्सिजन लावलाय, पण तिला वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवायचंय. लगेच. बँड पाठवा."

बटण दाबलं. बँड आला. रेघ. बरोबर मधोमध. दुसरा, रेघ. तिसरा, रेघ. चौथ्याला दोन रेघा! लाल दिवा धरतोय, धरतोय, टिंग नाही, काही नाही, मुकं. मी इंटरकॉमवर म्हटलं, "सिस्टर, हातानं नंबर लिहून देतो, माझं अक्षर चांगलं आहे." "मागच्या वर्षी हातानं लिहिलेला एक कुणीतरी सात म्हणून वाचला होता, विसरलात? एका खोलीत तीन बाळं आहेत माझ्या." मी म्हटलं, "अहो पण दोघांना बँड लागलेत ना! मग उरलेलं ते आमचं!" तुम्हाला सांगतो, पलीकडून सिस्टर अशा कडाडल्या... "उरलेलं? बाळ आहे ते, ताटातली भाजी नाही. उरलं म्हणून कुणाचं बाळ कुणाचं ठरवत नाही मी. दहा मिनिटं देते. दहा मिनिटांत बँड नाही आला तर मी स्वतः तिला उचलून वर घेऊन जाईन आणि नजरेआड करणार नाही. पण मग इथल्या दोन बाळांकडे आणि तीन आयांकडे कोण बघणार, ते तुम्ही येऊन सांगा मला."

आणि इंटरकॉम चालूच राहिला हो. मागून माझ्या मुलीचा आवाज आला. थकलेला, बारीक. "आई, कुठं नेतायत तिला? का थांबलेत? बाबांना सांग ना लवकर करायला..."

काय झालं असेल माझं, तुम्ही सांगा. चौदा वर्षांत हजारो बँड काढले, लोकांच्या लेकरांना. आणि माझ्या लेकीच्या लेकराला एक बँड निघेना. घाम, नुसता घाम. स्पिरिटचा बोळा घेतला, हेड पुसलं. काढला बँड, रेघ. उष्णता एक घर वाढवली, जाड काळी छपाई, आणि त्यातून जाड पांढरी रेघ. रिबन काढली, परत बसवली, बोटं काळी, शर्ट काळा, कपाळाला हात लावला तर कपाळ काळं!

तेवढ्यात दार उघडून कोण आलं? व्याही! जावईबापूंचे वडील. आयुष्यभर शिवणाची मशीनं दुरुस्त केलेला माणूस. स्वभावानं शांत, आणि अशा वेळी शांत माणसाइतका राग कुणाचा येत नाही. "काय झालं, व्याहीबुवा? उशीर का होतोय?" मी म्हटलं, "चुणी पडतेय." ते वाकले, चष्मा सरकवला, मशीनच्या पोटात बघितलं. "हं... ताण जास्त आहे." मी म्हटलं, "ताण बरोबर आहे." "नाही, बघा ना, रिबन कशी ओढून धरलीय. दोरा असा आवळला ना, तर कापड गोळा होतं. जरा सैल करू या." आणि बोट पुढे केलं! मी त्यांचं मनगट धरलं. व्याह्यांचं! मुलीच्या सासऱ्यांचं मनगट! आणि ओरडलो, "नॉबला हात लावू नका!"

ते बिचारे दोन पावलं मागं सरकले. पार मजल्याच्या त्या टोकाला बाकावर विहीणबाईंनी ते ऐकलं असणार, कारण तिकडून आवाज आला, "काय हो, भांडताय की काय तिथं? इकडं बाळ ताटकळलंय!"

मी म्हटलं, "व्याहीबुवा, माफ करा, पण हा ठिपका बघा, ही जागा अकरा दिवसांत शोधलेली आहे, यात चूक असूच शकत नाही." आणि हे बोलत बोलत मी बटण दाबलं, आणि... तट्! तुटली! रिबन तुटली! एक टोक इकडं, एक टोक तिकडं, आणि मशीनवर लाल दिवा लागून पीं-पीं-पीं. व्याही एवढंच म्हणाले, "तुटली." मलाही दिसत होतं!

इंटरकॉममधून, "सहा मिनिटं झाली."

आता तुटलेलं टोक पुढच्या रिळाला चिकटवायचं, ते सरळ चिकटलं पाहिजे, एक केसभर तिरकं गेलं तरी रिबन एका अंगाला पळते. चिकटपट्टी शोधतोय तर पट्टी कुठाय? सकाळी सगळी नॉबवर संपवली! व्याह्यांनी खिशातून जखमेवर लावायची दवाखान्याची पट्टी काढली, सकाळी रक्त काढलं होतं म्हणे त्यांचं, तपासणीसाठी. मी टोक धरलं, त्यांनी पट्टी लावली. एकदम सरळ बसली. बटण दाबलं. बँड आला.

रेघ.

तुम्हाला खोटं वाटेल, मी खाली बसलो. फरशीवर. मला वाटलं, आता काही होत नाही माझ्या हातून. तिकडं ती एवढीशी पोर श्वासासाठी धडपडतेय, आणि आजोबा बसलाय फरशीवर, काळ्या कपाळानं. रडू फुटायचंच बाकी होतं. व्याही माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे. नॉबकडे बघत. पण हात नाही लावला हो त्यांनी. मी नको म्हटलं होतं ना!

आणि मग आल्या काउंटरवाल्या बाई. नोंदणीच्या खिडकीवर बसतात, माझ्याच खोलीतून जायचं-यायचं त्यांना, त्या दिवशी रजेवर होत्या अर्धा दिवस, नुकत्याच पर्स खांद्याला लावून आत शिरत होत्या. मशीनकडे बघितलं, आणि पर्स खाली पडली.

"अगं बाई! हे काय केलंत, दादा? नॉबला पट्टी का मारलीत?"

मी म्हटलं, "रोज कुणीतरी फिरवतं म्हणून."

"मी फिरवते! मीच फिरवते रोज!"

मी उठून उभा राहिलो. "तुम्ही?"

"अहो मग काय करणार! नवी रिबन आल्यापासून एक बँड धड निघत नाही ठिपक्यावर. तुम्ही चहाला गेलात की मी दोन घरं सैल करते, दिवसभर छान चालतं. तुम्ही सकाळी येऊन परत घट्ट करता, मी परत सैल करते. आठ दिवस झाले!"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला?" त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. "तुम्हाला कोण सांगणार?"

व्याही हळूच म्हणाले, "नवी रिबन म्हणजे? अरुंद आहे का आधीपेक्षा?"

आणि तुम्हाला सांगतो, तिथं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्याच क्षणी वाटलं, पडला नसता तर बरं. कारण अरुंद रिबन आणली कुणी? मी! महिन्यापूर्वी मी मोठ्या साहेबांना अर्ज दिला होता, की बँड दोन बोटं, रिबन चार बोटं, निम्मी शाई वाया जाते, तरी अरुंद रिबन घ्यावी. सूचना फळ्यावर लागली, टाळ्या वाजल्या. आता निम्म्या रुंदीच्या रिबनला ताण निम्माच नको का? तेवढीच ओढ अर्ध्या अंगावर आली तर ती आक्रसणार, तुटणार, दुसरं काय करणार ती? शिवणाच्या मशीनवाल्या माणसाला उभ्या उभ्या कळलं. खिडकीवरच्या बाईंना बोटानं कळलं. आणि चौदा वर्षांचा जाणकार ठिपका वर करून चहा पीत होता!

"आठ मिनिटं!" इंटरकॉम.

सोडवा पट्टी! चार थर! नखानं निघेना, माझी सही वर, मी दातानं ओढतोय, व्याही किल्लीनं खरवडतायत, बाई "सरका, सरका" करतायत. निघाली एकदाची. मी नॉबपाशी बोट नेलं, आणि मागं घेतलं. तेव्हा मी माझ्या तोंडानं... चौदा वर्षांत पहिल्यांदा... म्हटलं, "बाई, नॉबला... हात लावा."

त्यांनी लावला. टक्, टक्. दोन घरं. बटण दाबलं.

काय बँड निघाला म्हणून सांगू! काळा कुळकुळीत! एक चुणी नाही, एक रेघ नाही! लगोलग दुसरा, आईचा, तसाच! लाल दिवा धरला, टिंग! टिंग! मी दोन्ही बँड घेतले आणि धावत सुटलो, या वयात, काळ्या तोंडानं. समोरून येणारा एक पेशंट मला बघून भिंतीला चिकटला. दाराच्या फटीतून सिस्टरांचा हात बाहेर आला, बँड आत गेले, आत टिंग वाजलं, टिंग वाजलं, आणि दार धाड्कन उघडून गाडी बाहेर, ऑक्सिजनची नळी, बाळाचे डॉक्टर, हिरवी चादर, लिफ्ट, गेले! चादरीतून एक पाय दिसला मला. एवढासा. बँड लावलेला.

संध्याकाळपर्यंत पोरीचा श्वास सरळ झाला. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही, पण तीन दिवस वरच ठेवू. मुलीनं मला आत बोलावलं, हात धरला, म्हणाली, "बाबा, तुम्ही वेळेवर दिलात." काउंटरवाल्या बाईंचं नाव सांगितलं तिला. व्याह्यांचंही सांगितलं. स्वतःचं सांगायचं धाडस झालं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी मोठे साहेब चौकशीला आले, मशीनभोवती सगळा स्टाफ गोळा, आणि साहेबांचा पहिला प्रश्न माहितीये काय? "तुम्ही नॉबला हात लावला होता का?" मी म्हटलं, "हो, साहेब. रोज सकाळी."

असो. पोर बरी आहे, आणखी काय पाहिजे? वर बघायला जायचं तर पास लागतो. पासही याच मशीनवर निघतो. आईबाप सोडून एका बाळामागं दोन पास, बस्स. फार गर्दी व्हायची, नात्यातले वीस वीस लोक वर चढायचे, म्हणून दोनच द्यावेत असा अर्ज कुणीतरी केला होता पूर्वी. कुणी ते विचारू नका. एक पास आमच्या हिनं घेतला, एक विहीणबाईंनी. तिसरा निघत नाही, कितीही दाबा. वरच्या वॉचमनला म्हटलं, "अरे, मी आजोबा आहे तिचा!" तो म्हणाला, "पास?" मी म्हटलं, "पास मीच छापतो रे बाबा!" तो म्हणाला, "मग एक छापून आणा की." आता त्याला काय सांगायचं? मी आणि व्याही दोघं खाली बाकावर बसून राहतो.

दोघी वरून येतात आणि म्हणतात, नात अगदी तुमच्यावर गेलीय हो, नाक बघा, कपाळ बघा. गेली असेल. मी कुठं बघितलीय अजून!